कॉर्नेलमध्ये प्रीमेड: चार कॉलेजं, एकच केमिस्ट्री

आधी विद्यापीठात शिरू, कॉलेज आणि विषय मागाहून बघू, हा हिशेब न्यूयॉर्क राज्यातल्या इथाकाच्या कॉर्नेल विद्यापीठात चालत नाही. अर्ज भरतानाच कॉलेज निवडावं लागतं, त्या कॉलेजसाठीचा निबंध वेगळा असतो आणि अर्ज वाचणारी माणसंही त्याच कॉलेजची असतात. डॉक्टर व्हायचं ठरवलेल्या मुलांची गाडी नेमकी इथे अडते, कारण प्रीमेड (मेडिकल स्कूलची पूर्वतयारी) नावाचं कॉलेज नाही आणि प्रीमेड नावाचं मेजरही, म्हणजे पदवीचा मुख्य विषयही, नाही. अमेरिकेत एमडीचा, म्हणजे डॉक्टर होण्याच्या मूळ पदवीचा, अभ्यास चार वर्षांच्या पदवीनंतर सुरू होतो. पदवी कशातही घ्या, मेडिकल स्कूल ठरावीक कोर्स, त्यातले गुण आणि एमकॅट या प्रवेशपरीक्षेचा स्कोअर पाहणार. त्यामुळे चार वेगळ्या दारांतून आत आलेली मुलं पहिल्याच आठवड्यात रसायनशास्त्राच्या एकाच मोठ्या हॉलमध्ये शेजारी शेजारी बसलेली दिसतात.

प्रीमेडच्या दृष्टीने ज्यांचा गंभीरपणे विचार करावा अशी कॉलेजं चार: आर्ट्स अँड सायन्सेस, अ‍ॅग्रिकल्चर अँड लाइफ सायन्सेस म्हणजे कॅल्स, ह्युमन इकॉलॉजी आणि इंजिनिअरिंग. ब्रूक्स स्कूल या सार्वजनिक धोरणाच्या कॉलेजात हेल्थ केअर पॉलिसीचं मेजर आहे, तिथूनही मुलं मेडिकलला जातात, पण आरोग्यधोरणाची खरोखर ओढ असेल तरच तो रस्ता धरावा. बिझनेस, आर्किटेक्चर किंवा आयएलआर (उद्योग आणि कामगार संबंधांचं कॉलेज) इथूनही प्रीमेड करता येतं, पण आपल्या कॉलेजचा सगळा अभ्यास सांभाळून वर विज्ञानाचे कोर्स बसवायचे म्हणजे प्रत्येक सेमिस्टरला ओढाताण. ती इथे बाजूला ठेवतो.

मत आधीच सांगून टाकतो. प्रीमेडचे कोर्स सगळ्यांना सारखेच आहेत. ते साधारण ५५ क्रेडिट (कोर्सचं वजन मोजायचं एकक) खातात. पदवीला लागतात किमान १२०. तेव्हा कॉलेज निवडणं म्हणजे उरलेल्या साठ-पासष्ट क्रेडिटांत तुमच्यावर काय लादलं जाईल ते निवडणं. जे लादलं जाणार ते तुम्हाला आवडणारं असेल तर गुण चांगले येतील. नावडतं असेल तर तिथेच सरासरी घसरेल. न्यूयॉर्क राज्यातल्या कुटुंबांसाठी यात आणखी एक मुद्दा येतो, फीचा, आणि तो छोटा नाही.

पंचावन्न क्रेडिट कुठे जातात

जनरल केमिस्ट्रीचे दोन कोर्स, केम २०७० आणि २०८०, प्रत्येकी चार क्रेडिट, प्रयोगशाळेसकट. ऑर्गॅनिकचे दोन, केम ३५७० आणि ३५८०, प्रत्येकी तीन, आणि त्यांची प्रयोगशाळा केम २५१० वेगळी, दोन क्रेडिटांची. फिजिक्स २२०७ आणि २२०८, चार-चार. बायोलॉजीत प्राथमिक पातळीवर तीन कोर्स आहेत: पेशींवरचा बायोएमजी १३५०, शरीरक्रियेवरचा बायोजी १४४० आणि पर्यावरणावरचा बायोईई १६१०. त्यातले दोन घ्यायचे, सोबत बायोजी १५०० ही प्रयोगशाळा. मग बायोकेमिस्ट्रीचा एक कोर्स, एक संख्याशास्त्राचा, बहुतेकांना एक कॅल्क्युलसचा, दोन फर्स्ट इयर रायटिंग सेमिनार, आणि एमकॅटसाठी मानसशास्त्र व समाजशास्त्राचा प्रत्येकी एक.

शेवटचे दोन ‘हलके’ म्हणून मागे ढकलले जातात, ते चूक आहे. एमकॅटचे चार भाग असतात, प्रत्येकाला ११८ ते १३२ गुण, म्हणजे एकूण ४७२ ते ५२८. त्यातला एक पूर्ण भाग मानसशास्त्र आणि समाजशास्त्राचा आहे. फिजिक्स आणि केमिस्ट्रीच्या भागाला जेवढं वजन, तेवढंच याला. आपल्याकडच्या पालकांना हे पटायला वेळ लागतो.

यादी सरळ दिसते, पण तिच्यात अडखळायच्या जागा ठरलेल्या आहेत. सगळ्यांत मोठी जागा केम १५७०. एकाच सेमिस्टरमध्ये उरकणारा ऑर्गॅनिकचा हा कोर्स काही मेजरना पुरतो. सल्लागार ‘मेजरसाठी हा चालेल’ म्हणतो, ते खरंही असतं, पण अनेक मेडिकल स्कूलना ऑर्गॅनिकची दोन सेमिस्टर आणि प्रयोगशाळा लागते. मेजरची अट आणि मेडिकल स्कूलची अट या दोन वेगळ्या याद्या आहेत. दोन्ही समोर ठेवूनच कोर्स निवडावा.

दुसरी जागा बायोलॉजीच्या प्रयोगशाळेची. बायोजी १५०० एका सेमिस्टरची आहे. काही मेडिकल स्कूल वर्षभराची प्रयोगशाळा मागतात. ती पुढे जेनेटिक्सच्या प्रयोगशाळेत, बायोएमजी २८०१ मध्ये, किंवा वरच्या पातळीवरच्या एखाद्या प्रयोगशाळेत भरून निघते, पण हे दुसऱ्या वर्षी लक्षात यावं, चौथ्या वर्षी नाही. तिसरी जागा संख्याशास्त्राची. प्रत्येक कॉलेजचा आपला असा प्राथमिक कोर्स आहे आणि त्यांचा मजकूर एकमेकांवर चढतो. दोन घेतले तर एकाचीच क्रेडिट धरली जातात. बायोकेमिस्ट्रीचंही तेच.

एपी, म्हणजे शाळेतच द्यायच्या कॉलेज पातळीच्या परीक्षा, त्यांच्या गुणांबद्दल दोन शब्द. बारावीत केमिस्ट्रीला ५, म्हणजे सर्वोच्च गुण, मिळाले म्हणून केम २०७० वगळता येतो, पण काही मेडिकल स्कूल एपीची क्रेडिट पूर्वअट म्हणून मानत नाहीत किंवा त्याच विषयात वरच्या पातळीचे कोर्स मागतात. शिवाय २०७० वगळणारी मुलं थेट पुढच्या कोर्सला बसतात आणि विद्यापीठातली पहिली प्रिलिम (कॉर्नेलमध्ये सत्राच्या मधल्या परीक्षेला हेच नाव आहे, आणि ती बहुधा संध्याकाळी असते) तिथे देतात. पाया पक्का असेल तर वगळा. नुसता गुण चांगला असेल तर नको. इंग्रजीच्या एपीवर एक रायटिंग सेमिनार माफ होतो, तिथेही हीच काळजी: लेखनाचे दोन कोर्स मागणारी मेडिकल स्कूल आहेत.

कॅल्स

नावात शेती आहे म्हणून आपले लोक बिचकतात. ‘मुलगी कृषी महाविद्यालयात आहे’ हे नातेवाइकांना सांगायचं कसं, असा सूर असतो. बिचकायचं कारण नाही. कॉर्नेलचं बायोलॉजिकल सायन्सेस हे मेजर कॅल्स आणि आर्ट्स अँड सायन्सेस या दोन्ही कॉलेजांत आहे. वर्ग तेच, प्राध्यापक तेच, परीक्षा तीच, बायोलॉजीचं सल्लागार कार्यालयही दोघांचं एकच. फरक पदवीच्या नावात (कॅल्समधून बीएस, आर्ट्स अँड सायन्सेसमधून बीए) आणि आजूबाजूच्या अटींत. मेडिकल स्कूलला बीए आणि बीएसमध्ये काडीचा रस नसतो.

आता फी. कॉर्नेल खासगी विद्यापीठ असलं तरी कॅल्स, ह्युमन इकॉलॉजी, आयएलआर आणि पशुवैद्यकीय कॉलेज ही न्यूयॉर्क राज्याशी करार असलेली कॉलेजं आहेत. कॅल्स १९०४ पासून राज्याचं कॉलेज आहे. या करारामुळे न्यूयॉर्कच्या रहिवाशांना तिथे ट्यूशन कमी पडते: वर्षाला वीस हजार डॉलरहून जास्त फरक, म्हणजे चार वर्षांत ऐंशी हजारांच्या वर. पुढे मेडिकल स्कूलचं कर्ज डोक्यावर येणार असताना ही रक्कम बिनमहत्त्वाची म्हणता येणार नाही. मात्र ही सवलत न्यूयॉर्कपुरतीच. शेजारच्या न्यू जर्सीतल्या एडिसन किंवा जर्सी सिटीत राहणाऱ्या कुटुंबाला कॅल्स आणि आर्ट्स अँड सायन्सेस यांची ट्यूशन सारखीच पडते. आणि उत्पन्नानुसार मोठी आर्थिक मदत मिळणार असेल तर न्यूयॉर्कच्या कुटुंबासाठीही हा फरक आक्रसतो, कारण मदत गरजेवर ठरते. विद्यापीठाच्या नेट प्राइस कॅल्क्युलेटरमध्ये आकडे घालून दोन्ही कॉलेजांचं खरं बिल काढून बघावं, छापील फीवर भांडू नये.

कॅल्सच्या अटी प्रीमेडला मानवतात. परकीय भाषेची सक्ती नाही. १२० पैकी ५५ क्रेडिट कॅल्सची हवीत, आणि बायोलॉजीचे कोर्स त्यात धरले जातात, त्यामुळे बायोलॉजीच्या विद्यार्थ्याचा हा आकडा फारसा त्रास न होता भरतो. केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणित मात्र आर्ट्स अँड सायन्सेसच्या खात्यात जातात. बायोलॉजी सोडून दुसरं मेजर घेणाऱ्याने ही बेरीज पहिल्या वर्षीच कागदावर मांडावी. लेखनासोबत बोलण्याचाही कोर्स करावा लागतो. श्रोत्यांसमोर उभं राहून बोलणं नको वाटणारी मुलं त्यावर नाक मुरडतात, पण मेडिकल स्कूलच्या मुलाखतीआधी याहून उपयोगी काय असणार?

कॅल्सची खरी अडचण प्रवेशाच्या वेळी येते. हे कॉलेज मेजरनुसार प्रवेश देतं आणि ‘हाच विषय का’ हे निबंधात खोदून विचारतं. ‘मला डॉक्टर व्हायचंय’ हे त्याचं उत्तर नाही. जीवशास्त्र, अन्न, पर्यावरण किंवा सार्वजनिक आरोग्य यांतल्या कशात तरी अर्जदाराने आधीच हात घातलेला दिसला पाहिजे. फी कमी म्हणून कॅल्स निवडलेला अर्ज वाचणाऱ्याला लगेच ओळखू येतो.

आर्ट्स अँड सायन्सेस

विषय पक्का नसेल तर हे कॉलेज सगळ्यांत मोकळं आहे. मेजर दुसऱ्या वर्षापर्यंत ठरवायचं असतं. केमिस्ट्री, बायोलॉजी, बायोलॉजी अँड सोसायटी (हेही कॅल्समध्ये आहे), मानसशास्त्र, इतिहास, संगीत, काहीही घ्या. प्रीमेडचा विचार मध्येच बदलला, आणि तो अनेकांचा बदलतो, तर बाहेर पडण्याच्या वाटा इथे सर्वाधिक.

त्या मोकळेपणाची किंमत अटींमध्ये मोजावी लागते. दहा प्रकारच्या विषयांना स्पर्श करणारे किमान आठ कोर्स घ्यावे लागतात: कला-साहित्य, इतिहास, नीतिशास्त्र, जागतिक संस्कृती, सामाजिक भेद, समाजविज्ञान, संख्याशास्त्र आणि डेटा, गणिती विचार, जीवशास्त्र, भौतिक विज्ञान. यातले विज्ञान-गणिताचे रकाने प्रीमेड आपोआप भरतो, समाजविज्ञानाचा मानसशास्त्राने भरतो. उरलेले मानव्यविद्येचे. हे ओझं वाटत असेल तर एमकॅटचा वाचनाचा भाग आठवा. त्यात उतारे सगळे मानव्यविद्या आणि समाजविज्ञानांतले असतात, बाहेरचं ज्ञान लागत नाही, फक्त अवघड गद्य वेगाने वाचून लेखकाचा युक्तिवाद पकडता यावा लागतो. नुसती पाठ्यपुस्तकं वाचलेल्या मुलांचा स्कोअर बहुधा याच भागात अडकतो, आणि तीन महिन्यांच्या क्लासने तो फारसा हलत नाही.

मोठी अट भाषेची. एकाच परकीय भाषेची ११ क्रेडिट, किंवा प्राथमिक पातळीच्या वरचा, २००० किंवा पुढच्या क्रमांकाचा तीन क्रेडिटांचा एक कोर्स. नवी भाषा शून्यापासून घेतली तर तीन सेमिस्टर जातात, आणि भाषेचे वर्ग आठवड्यातून बऱ्याचदा भरतात, त्यामुळे दुपारच्या प्रयोगशाळांशी वेळापत्रक भांडतं. शाळेत स्पॅनिश चांगलं झालं असेल तर प्लेसमेंट परीक्षा देऊन थेट वरच्या कोर्सला बसा. एका सेमिस्टरमध्ये सुटका होते आणि पुढे रुग्णांशी बोलताना स्पॅनिश कामी येतं ते वेगळंच. हिंदीही कॉर्नेलमध्ये शिकवतात. घरी मराठी आणि टीव्हीवर हिंदी ऐकत वाढलेल्या मुलाला बोलता येतं, पण देवनागरी वाचता-लिहिता येतं का हा प्रश्न प्लेसमेंटच्या वेळी येतोच. अर्जाआधीच्या उन्हाळ्यात आजीकडून बाराखडी घोटून घेतली तर एखादं सेमिस्टर वाचू शकतं.

दुसरी अट फारशी कोणी वाचत नाही: १२० पैकी १०० क्रेडिट याच कॉलेजची हवीत. बायोलॉजीचे कोर्स त्यात धरतात, पण ह्युमन इकॉलॉजीतलं पोषणशास्त्र, शरीररचना, आरोग्यधोरण हे सगळं बाहेरच्या वीस क्रेडिटांत बसवावं लागतं. प्रीमेडच्या मुलांना नेमके हेच कोर्स खुणावतात. आरोग्यविषयक कोर्सची हौस मोठी असेल तर ती पुरवायला हे कॉलेज अपुरं पडतं.

ह्युमन इकॉलॉजी

मूळचं होम इकॉनॉमिक्सचं कॉलेज, १९२५ मध्ये राज्याचं कॉलेज झालं आणि १९६९ मध्ये नाव बदललं. आज प्रीमेडच्या वर्तुळात ते ओळखलं जातं एका मेजरमुळे: ह्युमन बायोलॉजी, हेल्थ अँड सोसायटी. हे मेजर दुसऱ्या कोणत्याही कॉलेजात मिळत नाही. न्यूट्रिशनल सायन्सेस आणि ग्लोबल अँड पब्लिक हेल्थ सायन्सेस ही मेजरं मात्र इथे आणि कॅल्समध्ये दोन्हीकडे आहेत, कारण पोषणशास्त्राचा विभाग दोघांचा सामायिक आहे.

डॉक्टरकीशी विषयाने सगळ्यांत जवळचं कॉलेज हेच, असं आमचं स्पष्ट मत आहे. एनएस ३४१० मध्ये मानवी शरीररचना आणि शरीरक्रिया, एनएस ३२०० मध्ये मानवी बायोकेमिस्ट्री, आणि सोबत आजाराचा समाजाशी, उत्पन्नाशी, आहाराशी असलेला संबंध. मेंढीच्या किंवा मक्याच्या जनुकांपेक्षा माणसाच्या चयापचयात रस असलेल्या मुलाला इथे अभ्यास कंटाळवाणा होत नाही. फीची न्यूयॉर्कची सवलत इथेही लागू आहे. परकीय भाषेची सक्ती नाही.

मग अडतं कुठे? बायोकेमिस्ट्रीच्या निवडीत. एनएस ३२०० चांगला कोर्स आहे, पण काही मुलं तो ‘सोपा’ म्हणून घेतात आणि मग बायोलॉजी विभागाचा बायोएमजी ३३०० किंवा ३३५० ही हवा असं वाटलं की क्रेडिटांची दुबार मोजणी आडवी येते. ३३०० हा स्वतःच्या गतीने शिकायचा कोर्स आहे: व्याख्यानं नाहीत, एकेक घटक वाचायचा, त्यावर परीक्षा द्यायची. शिस्त असलेल्यांना वरदान. सेमिस्टरच्या शेवटी सगळे घटक तुंबवून ठेवणाऱ्यांना शिक्षा. फिजिक्स ११०१ आणि ११०२ हेही याच पद्धतीचे, त्यांनाही हाच नियम.

दुसरी अडचण विज्ञानाच्या सरासरीची. मेडिकल स्कूलचा सामायिक अर्ज, एएमकॅस, तुमची सरासरी नव्याने काढतो आणि बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स, गणित यांची वेगळी दाखवतो. कोर्स कोणत्या खात्यात जाईल हे विभागाच्या नावावर नव्हे तर मजकुरावर ठरतं. पोषणातला चयापचयाचा कोर्स बायोलॉजीत जाऊ शकतो, आहार आणि समाजावरचा जाणार नाही. वर्गीकरण अर्जदाराने सुचवायचं असतं आणि एएमकॅस ते तपासतं. म्हणून कोर्सचा अभ्यासक्रम, तो मिळाल्याच्या सेमिस्टरलाच, जपून ठेवावा.

इंजिनिअरिंग

थोडक्यात सांगतो. इंजिनिअर व्हायचं असेल आणि त्यातून मेडिकलही खुणावत असेल तर या. मेडिकलला जायचं आहे आणि इंजिनिअरिंगने ‘प्रोफाइल भारी दिसेल’ म्हणून येणार असाल तर येऊ नका.

कारण हिशेबाचं आहे. मॅथ १९१०, १९२०, २९३० आणि २९४० अशी गणिताची चार सेमिस्टर, फिजिक्स १११२ आणि २२१३, प्रोग्रॅमिंग, पहिल्या वर्षीचा इंजिनिअरिंगचा परिचय, आणि मग मेजर. या सगळ्यावर ऑर्गॅनिकची दोन सेमिस्टर, तिची प्रयोगशाळा, बायोलॉजी आणि बायोकेमिस्ट्री चढवायची. फिजिक्स आपोआप होतं, हा एक फायदा. मानव्यविद्या-समाजविज्ञानाच्या सहा कोर्सची अट असते, त्यात मानसशास्त्र आणि समाजशास्त्र बसतात, हा दुसरा. पण केमिस्ट्रीत गोची आहे: इंजिनिअरिंगची मुलं केम २०९० घेतात, तो एका सेमिस्टरचा कोर्स आहे आणि मेडिकल स्कूलला वर्षभराची जनरल केमिस्ट्री हवी असते. त्यानंतर केम २०८० घेऊन वर्ष पूर्ण करायचं. बायोमेडिकल इंजिनिअरिंगमध्येही हे आपसूक जुळेल असं गृहीत धरू नये.

आणि इंजिनिअरिंगची ३.४ सरासरी बायोलॉजीच्या ३.८ ला तोडीस तोड धरली जाते, हा समज घातक आहे. अर्ज चाळणाऱ्या यंत्रणेला आकडा दिसतो. अवघड मेजरचं कौतुक करणारा माणूस त्या आकड्याच्या पलीकडे पोहोचला तर करेल.

कॉलेज कोणतंही असो, या गोष्टी बदलत नाहीत

कॉर्नेलमध्ये ए-प्लसला ४.३ मिळतात. एएमकॅसमध्ये ए-प्लस आणि ए दोन्ही ४.० च. समजा सारख्या क्रेडिटांच्या आठ कोर्सपैकी चारांत ए-प्लस आणि चारांत बी-प्लस आहे. कॉर्नेलची सरासरी ३.८ दिसते, एएमकॅसची ३.६५. ट्रान्सक्रिप्टवरचा आकडा बघून मेडिकल स्कूलची यादी बनवली तर यादी चुकते. शाळेत असताना कम्युनिटी कॉलेजमधून केलेले ड्युअल एनरोलमेंटचे कोर्सही एएमकॅसच्या सरासरीत येतात, आणि एखादा कोर्स पुन्हा केला तर दोन्ही वेळचे गुण धरले जातात. पूर्वअटींचे कोर्स पास-नापास पद्धतीने घेऊ नयेत, अक्षरी गुण हवेत.

वाइल कॉर्नेल मेडिसिनबद्दलचा गैरसमज चिवट आहे. ते मेडिकल कॉलेज १८९८ मध्ये स्थापन झालं, नाव कॉर्नेलचं आहे, पण ते आहे न्यूयॉर्क शहरात, इथाकापासून गाडीने चारेक तासांवर. कॉर्नेलच्या चारपैकी कोणत्याही कॉलेजात असल्यामुळे तिथली जागा राखीव होत नाही. इथाकात रुग्णांच्या जवळ जायचं तर केयुगा मेडिकल सेंटर, स्थानिक दवाखाने, वृद्धाश्रम, अ‍ॅम्ब्युलन्स सेवा एवढंच हाताशी आहे. हजारो मुलांचं हेच लक्ष्य असतं, त्यामुळे जागा लवकर भरतात. सुट्टीत आपल्या गावी तास भरून काढणं जास्त सोपं. विद्यापीठाच्या आवारातलं मोठं रुग्णालय प्राण्यांचं आहे, आणि तिथले तास माणसांच्या डॉक्टरीसाठी मोजले जात नाहीत.

संशोधनाला कॉलेजची भिंत नाही. ह्युमन इकॉलॉजीचा विद्यार्थी कॅल्सच्या प्रयोगशाळेत, आर्ट्सचा इंजिनिअरिंगच्या प्रयोगशाळेत काम करू शकतो; बायोजी ४९९० सारख्या कोर्सखाली त्याची क्रेडिटही मिळतात. शिफारसपत्रांच्या दृष्टीने हे महत्त्वाचं. मेडिकल स्कूल साधारण दोन विज्ञानाच्या आणि एक विज्ञानाबाहेरच्या प्राध्यापकाचं पत्र मागतात. शेकडो मुलांच्या वर्गात प्राध्यापकाला तुमचं नावही माहीत नसतं. विज्ञानाबाहेरचं पत्र लहान वर्गातून येतं, आणि पहिल्या वर्षीचा रायटिंग सेमिनार हा सगळ्यांत लहान वर्गांपैकी एक असतो.

आत गेल्यावर कॉलेज बदलता येतं, पण तो दुसरा प्रवेश आहे. नव्या कॉलेजला तुमचे गुण पाहायचे असतात आणि त्याच्या अटींतले कोर्स तुम्ही आधीच सुरू केलेले हवे असतात. ‘सोप्या कॉलेजातून शिरू आणि मग सरकू’ हा बेत प्रीमेडसाठी विशेष वाईट, कारण सरकण्यासाठी लागणारे गुण ज्या वर्षात मिळवायचे, त्याच वर्षात केम २०७० आणि २०८० असतात. न्यूयॉर्कच्या रहिवाशाने कॅल्समधून आर्ट्स अँड सायन्सेसमध्ये उडी मारली तर फीची सवलतही मागे राहते.

आणि भारतातून थेट येणाऱ्या किंवा एच-४ वर (एच-१बी व्हिसावर काम करणाऱ्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) वाढलेल्या मुलांसाठी, कॉलेज निवडण्याच्याही आधीचा प्रश्न: ग्रीन कार्ड आहे का? अमेरिकेतली बरीच मेडिकल स्कूल नागरिक किंवा कायमस्वरूपी रहिवासी नसलेल्यांचे अर्ज घेतच नाहीत. घेणाऱ्यांपैकी काही जण एक किंवा अधिक वर्षांची फी आगाऊ जमा ठेवायला सांगतात. राज्यांची सरकारी मेडिकल स्कूल आपल्या रहिवाशांना झुकतं माप देतात. या मुलांनी प्रीमेड न झाल्यास काय, याचं उत्तर मेजरमध्येच बांधून घ्यावं. इंजिनिअरिंगबद्दल वर जे लिहिलं त्याला इथे अपवाद: व्हिसाची अनिश्चितता असेल तर बायोमेडिकल इंजिनिअरिंग किंवा संख्याशास्त्राचं मेजर बायोलॉजीपेक्षा जास्त दारं उघडी ठेवतं.

अर्ज पाठवण्याआधी एक काम करावं. दोन कॉलेजं नक्की करून प्रत्येकाच्या आवडत्या मेजरची चार वर्षांची आखणी आठ चौकटींत लिहावी, प्रत्येक सेमिस्टरला पंधरा-सोळा क्रेडिट धरून. आधी केमिस्ट्री, मग ऑर्गॅनिक दुसऱ्या वर्षी, फिजिक्स दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षी, बायोकेमिस्ट्री एमकॅटच्या आधी. तिसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात अर्ज करायचा तर एमकॅट त्याच वसंतात. कॉलेजच्या बाकीच्या अटी उरलेल्या जागांत टाकून बघाव्यात. अटी विद्यापीठाच्या त्या वर्षीच्या अधिकृत कॅटलॉगमधून घ्याव्यात, थोरल्या भावंडाच्या आठवणीतून नाही; कॉलेजं त्या बदलत असतात, आणि तुम्हाला लागू होतात त्या तुमच्या प्रवेशाच्या वर्षाच्या. ज्या आखणीत एखादं सेमिस्टर वीस क्रेडिटांवर जातं किंवा ऑर्गॅनिक आणि फिजिक्स दोन्ही प्रयोगशाळांसकट एकाच वेळी येतात, ती आखणी पुन्हा करावी. तरीही जुळत नसेल तर एमकॅट आणि अर्ज दोन्ही एक वर्ष पुढे ढकलावेत. पदवीनंतर वर्षभर थांबून मेडिकलला जाणारे आता अपवाद राहिलेले नाहीत.